जोड

हेस्टर गार्साइड म्हणायची, चांगली कात्री ऐकू येत नाही.
सोहोतल्या बोळात, चीजच्या दुकानावर, तिसरा मजला,
खिडकीला काळं कापड, स्टीनबेकची घरघर,
आणि खिळ्यांवरून कापडी पिशवीत लोंबणाऱ्या
शेकडो पट्ट्या : कुणाचा अर्धा हात, कुणाचं नुसतं उठणं,
कुणाचा तरी वाक्याआधीचा श्वास.

मी तिचा मदतनीस. वय एकोणीस.
पट्ट्यांवर नंबर घालायचे, चहा करायचा,
आणि तिने बोट वर केलं की खुर्चीसुद्धा वाजू द्यायची नाही.

तिची आई हडर्सफील्डच्या लोकरगिरणीत रफूवाली.
मागावरून उतरलेलं कापड उजेडात ताणायचं,
बोटांच्या टोकांनी तुटका धागा हुडकायचा
आणि असा भरायचा
की लंडनच्या शिंप्यालाही पत्ता लागू नये.
"मी उलटं करते," हेस्टर म्हणे. "मी धागा काढते.
पत्ता लागू नये, एवढं मात्र तेच."

सोळाव्या वर्षी बातमीपटांच्या कंपनीत झाडू घेऊन शिरली होती.
तिचं नाव पडद्यावर येई तेव्हा लोक कोट चढवत असत.
एकदा तर ते 'हेक्टर' असं छापलं गेलं.
"राहू दे," म्हणाली, "हेक्टरला जास्त पैसे देतात का बघू."
दिले नाहीत.

हल बंदरातली एक बोट परतली नव्हती, त्यावरची फिल्म.
मिसेस ब्लेन्किन बोलता बोलता थांबते, किटलीकडे बघते.
दिग्दर्शक पर्विस म्हणाला, बोलणं संपलं, इथे काप.
हेस्टरने मेणाची पेन्सिल कानावर खोचली.
"बोलणं संपलंय, लायनेल. बाई कुठे संपलीय?"
अकरा सेकंद. किटली उकळते. कुणी उठत नाही.
त्या अकरा सेकंदांबद्दल
पर्विसला बक्षीस मिळालं.

मग गिरणी बंद पडली, त्याची फिल्म आली. तीच गिरणी.
चौथ्या डब्यात, रांगेतली तिसरी बाई, साठीची,
मान वर करून कॅमेऱ्याकडे बघते.
हेस्टरने मशीन थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा पाहिलं.
"जा, चहा आण."
चहा तिच्यासमोरच होता. वाफा येत होत्या.
मी गेलो.

परत आलो तर पट्टी खिळ्यावर.
"आई होती ना?"
"शॉट हललाय. फोकस नाही.
आणि फिल्म गिरणीची आहे, तिची नाही."

शुक्रवारी टाकाऊ पट्ट्यांची पोती जात.
ती एक मी खिशात घातली. चोरीच म्हणा.

पुढे कॉम्प्युटर आले. एकसष्टाव्या वर्षी तेही शिकली.
"इथे काहीच खरं कापलं जात नाही," म्हणायची,
"म्हणून कुणी आधी नीट बघत नाही."
व्हिटबीला गेली. कुत्रा पाळला. पत्रं लिहायची, चार ओळींची,
पाचवी खोडलेली.

प्रेतयात्रेला नऊ माणसं. पाऊस नव्हता, वारा होता.
घरी येऊन जुनं पाकीट काढलं,
पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीला धरली.

तिचं खरं होतं. शॉट वाईट आहे.
उजेड पिठासारखा, चेहरा फासटलेला,
नजर वर येते, येतेय,
आणि माझ्या बोटाला काहीतरी लागलं.

टेपचा जोड.
इतका सरळ की चौतीस वर्षांत दिसला नव्हता.
टाकून द्यायच्या पट्टीला जोड कोण घालतं?

जोडाच्या अलीकडे पापणी अजून खाली.
पलीकडे ओठ मिटत आलेले.
कडेचे आकडे दोनदा मोजले.
चार फ्रेम कमी.
सेकंदाचा सहावा हिस्सा.

मी चहा आणायला खाली गेलो होतो.