हाडळेची खुरपी

बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीत रोवलेली आहे ती.
शेफिल्डची. मुठीवर दोन अक्षरं उरलीत,
बाकीची घामानं खाल्ली.
बायको म्हणते, जुनी आहे, पण माती छान उकरते.

उकरणारच.
शंभर यार्डांच्या शर्यती उकरल्यात तिनं.

तेव्हा पायाला टेकू द्यायला ठोकळे नव्हते.
धावणाऱ्यानं आपले खड्डे आपण खणायचे,
डाव्या पायाचा पुढे, उजव्याचा वीतभर मागे,
आणि शर्यत झाली की मुकाट येऊन
बुजवायचे.

नाव हॅडली. लोकरीच्या गिरणीत रंगखात्याचा साहेब.
ठाण्याच्या पोरांनी त्याचा हाडळे केला,
पुढे पुढे तो हाडळे म्हटल्यावरच वळायचा.
माझ्या बापाचा मामा इनास त्याच्या हाताखाली,
नखं कायमची निळी.

साहेबाची सगळी कारकीर्द
इनासमामा एका विडीत सांगून संपवायचा:
एकवीस साली दहा सेकंद आणि एक पंचमांश.
बाविसात तेच.
तेविसात तेच.
चोविसात चौघांच्या रिलेत हा पाचवा.
ब्लेझर शिवून मिळाला, बोटीत बसवलं,
आणि त्या चौघांतल्या एकालाही मेल्याला
साधी सर्दी झाली नाही.
पंचविसात मांडीत काहीतरी तुटलं,
सतारीची तार तुटावी तसं,
म्हणायचा मामा, ज्यानं सतार कधी पाहिली नव्हती.

मग ठाणे.

रविवारी मिस्सा सुटली की मैदान.
मामा दोन फळ्या आपटायचा, ठाप्प!
चेंदणीची पोरं दहा यार्ड पुढून,
मग पाच,
मग एके वर्षी बरोबरीनं,
आणि त्याच्या पुढच्या वर्षी
साहेबच दोन पावलं पुढे उभा राहिला.
कुणी हसलं नाही. जिंकलाही नाही.

चाळीस साली लढाईवर गेला.
आदल्या संध्याकाळी एकटाच धावला,
फळ्या नाहीत, पोरं नाहीत.
सकाळी मामा गेला तर
खुरपी मातीत उभी
आणि खड्डे तसेच उघडे.

तिथंच कळलं, म्हणायचा,
आणि विडी विझलेली असायची.

मामानंही बुजवले नाहीत.
पावसाळ्यात पुढच्यात एक बेडूक राहिला,
मागचा एका बकरीनं वापरला, कशासाठी ते
मामा बायकांसमोर सांगायचा नाही.

काल कढीपत्त्याला शेणखत घालताना
हात आपसूक दोनदा चालला,
एक पुढे, एक मागे.
बघत बसलो.
बायको आतून ओरडली, फोडणी जळतेय,
चार पानं आण पटकन.

पटकन म्हणजे किती, इनासमामा?