पर्याय क

शिरपूरच्या अभ्यासिकेत, प्रश्न एकोणचाळीस:
'टाक्या धुतल्या. तापाचे रुग्ण निम्म्यावर आले.
म्हणजे धुण्याचा उपयोग झाला.
या युक्तिवादाला बळकटी देणारे विधान निवडा.'

क. शेजारच्या गावाने टाक्या धुतल्या नाहीत,
तिथे ताप होता तेवढाच.
सोपं आहे. हेमांगी गोल काळा करते.

पण आईची आशाताईची वही
तिनेच तर उतरवून काढली होती,
आईचा गुडघा सुजलेला,
पलीकडच्या पाड्यांपुढे
शून्य, शून्य, शून्य.
कुणी गेलंच नव्हतं.

परवा स्टँडवर म्हातारी म्हणाली,
"ताप शे ना माय, पन लिखी कोन?"

समासात, बारीक अक्षरात, पाचवा पर्याय:
मोजणारी यंदाही दारोदार गेली होती.
वाचते.
खोडरबर शोधते.