काळा टी-शर्ट

उद्यमबागेत रविवारी भट्ट्या विझलेल्या असतात,
पत्र्याला मात्र आठवडाभराची धग पुरते.
मुकादम अडव्याप्पांनी किल्ली दिलीय एकाच अटीवर:
साच्यांना पाय लावायचा नाही.
म्हणून भिंतीकडेला चौघं, एकमेकांच्या कोपरात.

सावियो कॅम्पातला, बेस वाजवतो.
रुद्रगौडा हुक्केरीचा, रात्री एटीएमवर पहारा,
रविवारी ड्रम. ड्रमचा एक पाय तुटलाय,
तिथं बिडाचा ठोकळा.
आजीचं नाव लावलेली सुगला, वडगावच्या मागांच्या खटखटीत वाढली,
गिटार घेते तेव्हा अजून धोटा फेकल्यासारखी घेते.

आणि मी भरमा. माझ्या जिभेखाली खडा आहे.
मराठी शाळेत 'भ'वर उभा राहिलो, कन्नडच्या तासाला 'प'वर.
कंडक्टरला 'पिरनवाडी' म्हणता येईना
म्हणून 'मच्छे'चं तिकीट काढायचो,
पुढं उतरून मागं चालत यायचो.
सहा वर्षं.
घरी वाटायचं, पोराला चालायची आवड.

पहिल्या रविवारी सावियोनं माईक हातात दिला.
बोलू नको, म्हणाला. ओरड.
पोटातून जे निघालं ते मराठी नव्हतं, कन्नड नव्हतं,
भट्टीचं तोंड फोडल्यावर लोखंड येतं ना,
तसं आलं. मध्ये कुठंच न थांबता.
रुद्रगौडाच्या हातातली काठी पडली.
"इन्नोम्मे," म्हणाला. पुन्हा एकदा.
तेवढं कन्नड मला येत होतं.

एक नोव्हेंबरला आमचं गाव कपड्यांवरून माणूस ओळखतं.
आम्ही बारा महिने काळेच, तारीख ध्यानात नव्हती.
तिसऱ्या गेटाजवळ पोलिसानं गाडी अडवली: काळं का?
सुगला म्हणाली, साहेब, धुतलेला हाच एक.
पुढं फेरीतल्या एका काकांनी
रुद्रगौडाच्या पाठीवर थाप मारली, शाब्बास वाघा!
"व्हय काका," म्हणाला तो, आणि घाम पुसला.
दोन गल्ल्या सोडून दुसऱ्यांनी शिव्या घातल्या,
त्या त्यानंच आम्हाला समजावून सांगितल्या, नीट, अर्थासकट.
मला एक झकास उत्तर सुचलं होतं,
खरं ते अडकलं.
शेडमध्ये सुटलं, साडेचार मिनिटं.

मार्चमध्ये पाहुण्यांनी मला माझं नाव विचारलं.
पोहे संपले तरी मी 'भ'वरच.
कुणीतरी म्हणालं, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे.
त्यानंतर तीन आठवडे मी दार लावून घेतलं,
तिकीटच नको, थांबाच नको.

तिघं आली एका सकाळी.
रुद्रगौडा रात्रपाळीवरून थेट, पहारेकऱ्याच्या गणवेशात.
धीर वगैरे कुणी दिला नाही.
सावियोनं गळका नळ बघितला, पाना मागितला.
सुगलानं माझा टी-शर्ट दोरीवरून काढून घडी घातली.
आई चहा ठेवत म्हणाली, कोण रे ही?

आई, ही आप—
'प' बसला टाळ्याला.
आजवर सगळ्यांनी माझे शब्द पुरे केलेत,
मास्तरांनी, दुकानदारानं, आईनं तर मायेनं.
तिनं आताही तोंड उघडलं.
सुगलानं हळूच तिचा हात धरला.
रुद्रगौडा तांदळाच्या डब्यावर बोटांनी ताल धरून होता,
बारीक आवाजात, मी येईपर्यंत धरतो तसा.
चहावर साय आली.
नळ ठिबकायचा थांबला होता.

आपलीच.

"मग जेवून जाऊ देत की," आई म्हणाली.