जिन्यातलं झाड

टाम्पेरेत नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेले.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावरचं रबराचं झाड
पिवळं पडत चाललंय.

इर्मेलीला वाटलं, पाणी कमी पडतंय.
घातलं.
आणखी दोन पानं गळाली.
मग खिडकीशी सरकवलं, मग हीटरपासून लांब,
मग कुंडीतून चिलटं उठली, नाकातोंडात जाणारी.

शेवटी वर्तमानपत्र पसरून तिनं ते उपटलंच.
मुळं काळी, लिबलिबीत,
वास तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा.

दारं वाजवली तेव्हा कळलं :
तळमजल्यावरचा ताइस्तो दर सोमवारी चढून येतो,
बायको घालायची म्हणून.
नर्स वेन्ला, रात्रपाळीहून येताना, बाटलीत उरलेलं.
पोस्टमनसुद्धा!
आणि यातलं कुणीच कुणाशी
मान हलवण्यापलीकडे बोललेलं नाही.

सडकं कापलं. कोरडी माती, लहान कुंडी.
वर चिठ्ठी : महिनाभर कुणीही पाणी घालू नये.

सोमवारी ताइस्तो आला तसाच,
रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून
बराच वेळ उभा.
मग खिशातल्या रुमालानं
उरलेली तीन पानं पुसली.
वेन्ला वर येत होती. तिला म्हणाला,
बोट खुपसून बघ,
अजून ओलीच आहे.