काही जाहीर करण्यासारखं

पूल लहान आहे. गाडीनं एक मिनिट.
अलीकडे मॅडवास्का, पलीकडे एडमन्स्टन,
मधे सेंट जॉन नदी, मार्चमधली, अर्धी गोठलेली.
दोन्ही काठांवर आडनावं तीच: सीर, डेग्ल, पेल्टिये, वुएले.
माझ्या लग्नाचं अर्धं वऱ्हाड त्या काठावरनं आलं
आणि पुलावरच्या माणसानं नुसता हात हलवला होता.
त्याला आम्ही नंतर केक नेऊन दिला.

हल्ली हात हलवत नाहीत. पडद्यात बघतात.

रोझेअर अकरा वर्षं पलीकडे गेला नव्हता.
एकदा दाढ. एकदा गुडघा.
ब्लाँदिनच्या सत्तरीला म्हणाला, बॉयलर धड नाही, घर टाकून कसा येऊ?
मी बॉयलरवाल्याला बोलावलं. बॉयलर ठणठणीत.
मला वाटलं, बहिणीशी बिनसलंय;
जुनं काहीतरी, शेताच्या वाटणीचं.
विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत, वाढतात.

पण मंगळवारी फोन आला, ब्लाँदिनला आता पाणीसुद्धा गिळवत नाही,
आणि त्यानं कोट चढवला.
मी चिकनच्या रश्श्याचं पातेलं मांडीवर घेतलं.
ती खाणार नव्हती, तरी घरात माणसं असतातच.

पुलावर त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर,
लायसन्सच्या परीक्षेला बसल्यासारखे.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
दुपारी तीनला मी ते त्याच्या कपाळावर पडलेलं पाहिलं
आणि तरी मला कळलं नाही.

खिडकीत मात्यू वुएले. याच्या आजीला मी ओळखत होते,
बटाट्याच्या भाजीतही साखर घालायची.
त्यानं पासपोर्ट घेतले, पडद्यात पाहिलं,
मग आणखी जवळून पाहिलं,
आणि आम्हाला आत बोलावलं.
आतल्या खुर्च्या स्क्रूनं जमिनीला बसवलेल्या.

"मिस्टर सीर, एकोणीसशे एक्याऐंशी. चोरी."
"टायर," रोझेअर म्हणाला.
मग, बऱ्याच वेळानं, "चार. बर्फाचे."
गॅरेजच्या मागच्या आवारातून. वय एकोणीस.
दोन रात्री कोठडी, पंचाहत्तर डॉलर दंड;
तो त्यानं सप्टेंबरात बटाटे वेचून फेडला.
हे सगळं तो मात्यूला सांगत होता, भिंतीकडे बघत.
भिंत मी होते.

मात्यू वाईट वागला नाही, हे सांगितलंच पाहिजे.
पाणी आणून दिलं. म्हणाला, इतक्या जुन्याला माफी असते,
फक्त शिक्षा पुरी झाल्याचा कागद हवा.
गुन्हा दिसतोय. दंड भरलेला दिसत नाही.
कोर्टात विचारा.
कोर्टाच्या तळघरात एका वसंतात पाणी शिरलं होतं,
सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही.

म्हणजे चोरी कोरडी राहिली आणि फेड भिजली.

गाडी वळवली. आपल्या काठावर आपल्याच माणसानं विचारलं,
"कॅनडात किती वेळ होतात?"
"बावन्न मिनिटं," मी म्हणाले.
"नव्हतोच," रोझेअर म्हणाला.

घरी तो कोट न काढताच बसला.
एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी कॅरिबूला नर्सिंग शिकत होते,
पंचेचाळीस मैल.
दर रविवारी एक हिरवी गाडी वसतिगृहासमोर उभी राहायची,
वादळातसुद्धा, बस बंद असली तरी,
आणि मुली मला विचारायच्या,
हा घसरत कसा नाही गं?

हे मी त्याला बोलले नाही. पातेलं गॅसवर ठेवलं,
उकळी आली, बंद केलं.

सकाळी एकटीच निघाले.
खिडकीत पुन्हा मात्यू, डोळे तांबारलेले.
"काही जाहीर करण्यासारखं?"
रश्श्याचं पातेलं, मी म्हणाले. कुट्टूची बारा धिरडी.
भावाचा एक स्वेटर, तिच्या पायांवर घालायला.
तो पडद्याकडे वळला, मग वळला नाही.
हात हलवला.

पुलावर रात्रीचं बर्फ तसंच होतं.
मार्च आहे. बर्फाचे टायर
आम्ही एप्रिलपर्यंत काढत नाही.