चिंचोक्यांचा हिशेब

डी.एड.ला पाठ केलं होतं :
जे दिसतं तेच मोजायचं.
मनात कोण शिरून आलंय?

खैरटोल्याच्या शाळेत रुजू झाले
तेव्हा डब्यात घातले चारशे चिंचोके.
वेळेवर आला, एक.
मधल्या सुट्टीत कुणाला मारलं नाही, दोन.
दहा झाले की पेन्सिल.
केंद्रप्रमुख म्हणाले, पोरं एवढी कशी सुधारली हो?
मी वही पुढे केली.

खोटं कशाला बोलू, चाललं ते.
रेवता उईके टिनाच्या छपराला भ्यायची,
गारपिटीत घर वाजलं होतं तिच्या डोक्यावर.
पहिला आठवडा बाहेर, लिंबाखाली, छत्री घेऊन.
दुसरा पायरीवर.
मग उंबऱ्यात, एक पाय आत, एक बाहेर.
मी रोज वीतभर तिची पाटी आत सरकवत गेले.
पोळ्याआधी ती फळ्याजवळ बसली होती
आणि वर पाऊस ताशा बडवत होता.
तिच्या मनात काय चाललंय, विचारलं नाही.
विचारावं लागलं नाही.
त्याआधी झाडफूकवाल्याने दोन कोंबडे नेले होते.

खिचडीची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा.
ती वाजली की काळू कुत्रा हजर,
तोंडाला लाळ, अगदी पुस्तकातल्यासारखी.
मे महिन्यात शाळा बंद, पोरं उगाच ठोके द्यायची.
एकोणीस दिवस आला काळू.
विसाव्या दिवशी नुसता कान हलवला.
हेही पुस्तकात होतं. मला बरं वाटलं.

पण त्याआधीच, होळीच्या सुमारास, चिंचोके संपले होते
आणि सांडलेलं पाणी कुणी पुसेना.
"किती देता?" तिसरीतल्या मन्सारामने विचारलं,
माझ्याच आवाजात.

आणि इंद्रपाल कोवे.
आई गेल्यापासून रडायचा, दिवसदिवस.
रडला की मी तोंड फिरवायचे,
गप्प बसला की चिंचोका.
वहीतली रेघ उतरत उतरत तळाला आली.
रडणे : शून्य. तारखेसकट.
लाल शाईने बरोबरची खूण केली मी.
त्याच आठवड्यात कौतुकाबाईने मला हाताला धरून
तांदळाच्या पोत्यांमागे नेलं.
तोंडात मूठभर चिंचोके कोंबून
तो रडत होता,
आवाज येऊ नये म्हणून.

संक्रांतीनंतर बाप त्याला घेऊन गेला
मिरची तोडायला, तेलंगणात.
कौतुकाबाई अजून एक ताट जास्त वाढते.
म्हटलं, बाई, तो येत नाही,
तुम्हाला कुणी काही देत नाही त्याचं.
"ठेवासा वाटते मॅडम, म्हून ठेवतो,"
आणि माश्या बसू नयेत म्हणून तिने वर पळसाचं पान झाकलं.

मी मोजायला लागले होते.
सुट्ट्या सोडून एकशे बारा दिवस.
वहीत त्याला रकाना सापडेना,
कडेला, समासात, लिहीत गेले.

पोरं हात धुवायला गेली की
ते ताट सध्या काळू खातो.
तो परत घंटेला यायला लागलाय.