वाटाणा रस्ता, घर नंबर नऊ

तार्तूच्या या भागाला लोक सूपनगर म्हणतात.
रस्त्यांची नावं वाटाणा, बटाटा, घेवडा.
वाटाणा रस्त्यावर, नऊ नंबरच्या लाकडी घरात
हेल्यूबाईंनी मला बोलावलं ऑक्टोबरात:
छपरात खिडकी बसवायची आहे, पलंगाच्या बरोबर वर.

पलंगावर आर्वेद. एकतीस वर्षं
याच गावाची धुराडी साफ केलेला माणूस.
त्याला गावातली सगळी छपरं वरून पाठ,
आणि आता दीड वर्षं एकच छप्पर, खालून.
उजवी बाजू गेली. शब्द दोन-तीन उरलेत,
ते तो जपून खर्च करतो.

मी टेप काढली, नमुन्याच्या काचा मांडल्या.
सांगितलं तेच, जे सगळ्यांना सांगतो:
बाई, छपराला खिडकी म्हणजे छपराला भोक.
ऊब वर जाते, भोक शोधत जाते.
हा आकडा बघा. जितका लहान, तितकी काच चिकट,
घरातली ऊब सुटी पैशासारखी मुठीत धरते.
हा दुसरा आकडा ऊन किती आत घेते त्याचा.
दक्षिण उतारावर हिवाळ्यात कामाला येईल,
पण जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड,
तेव्हा बाहेरून पडदा हवाच. आतला पडदा
म्हणजे पाहुणा घरात घेऊन मग दार लावणं.

तीन काचा, मध्ये आर्गॉन.
हा वायू कशात मिसळत नाही, काही करत नाही,
ग्रीकांच्या भाषेत नावाचा अर्थच आळशी.
‘माझ्या दिरासारखा,’ बाई म्हणाल्या,
‘पण तो फुकट होता.’

त्यांनी वहीत हिशोब मांडला. गेल्या हिवाळ्यात
बर्चची लाकडं किती, या वर्षी किती भाव.
स्वस्त दोन काचांवर बोट तीन वेळा गेलं
आणि तीन वेळा परत आलं.
मोठी हवी होती, लहान घेतली.
‘लहानच बरी,’ मी म्हटलं, आणि ते खरं होतं,
तरी मला कसंसंच झालं.

बसवताना आर्वेद कान देऊन होता.
पत्र्याची पट्टी धुराड्याकडच्या बाजूला
मी जरा घाईने वळवली, तेव्हा खालून आवाज आला:
‘नाही.’
उघडून पाहिलं. पट्टी दोन बोटं तोकडी होती.

जानेवारीत फोन.
‘तुमची खिडकी फार चांगली आहे,’ बाई म्हणाल्या,
‘पाच दिवस झाले, आभाळ दिसलं नाही.’

हे मी सांगायला विसरलो होतो.
समोरच्या घरची जुनी एकेरी काच
गळकी, उधळी, रात्रभर ऊब बाहेर फेकणारी;
तिच्यावर बर्फ तासभरही टिकत नाही.
आपली काच काहीच सोडत नाही,
म्हणून बर्फाला वितळायला निमित्तच मिळत नाही.
चांगल्या कामाची अशी फळं असतात,
पत्रकावर छापत नाहीत.

दोर बांधून वर गेलो, मऊ झाडू घेऊन.
उणे चौदा. धुराड्यातून सरळ उभा धूर,
कडेला दोन कावळे शेकत बसलेले.
मी खालच्या कडेपासून बर्फ ओढायला लागलो.
आधी चादर दिसली. मग हात. मग हनुवटी.
मग तो, माझ्याकडे बघणारा,
आणि त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हतीच:
माझा दोर कुठे बांधलाय, ते पाहत होती.

मी उरलेला बर्फ काढायला झाडू उचलला.
त्याने डावा हात वर केला. थांब.
वरचा अर्धा भाग तसाच पांढरा,
खालचा निळा, त्यात धूर.
‘राहू दे,’ ओठ हलले. काचेतून ऐकू आलं नाही,
तीन काचा, त्यात आर्गॉन.

खाली हेल्यूबाईंनी कॉफी दिली.
पैसे विचारले. मी नको म्हटलं.
‘मग पट्टीचे तरी कापून घ्या,’ त्या म्हणाल्या,
‘ती त्याने दुरुस्त केली होती.’